बाजारच्या दिवशीची हजेरी

उभा जन्म खाकीत गेला. खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाभावांनी बांधावरून फोडलेली डोकी पाहिली. पण आता घरी बसल्यावर जी घटना पुन्हा पुन्हा समोर येते, तिच्यात शेवटी गुन्हाच सापडला नाही. आरोपी मात्र सापडला, आणि तो आपल्या मर्जीने आरोपी राहिला. नावं मी कुणाचीच देणार नाही, गावाचंही नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी मनातच ठेवावं, एवढीच विनंती.

ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी फौजदार होतो आणि भालकीहून उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बाजारगावात माझं ठाणं होतं. मी मूळचा औरादकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि ठाण्यात दखनी उर्दू, अशा तीन भाषांत शिव्या खात आणि देत मोठा झालो. ठाण्याला लागूनच सरकारी दवाखाना होता. मधल्या भिंतीला एक लहान फाटक होतं. जखमींना तपासणीसाठी न्यायला ते सोयीचं पडायचं.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या ठाण्याचं निम्मं काम म्हणजे बस थांबवणं. दारू, साखर, रेशनचा तांदूळ, ज्या बाजूला भाव चढेल त्या बाजूला माल पळायचा. माणसांचं तसं नव्हतं, ती दोन्हीकडे सारखीच यायची-जायची. आत्या इकडे, मामा तिकडे, लेक तिसरीकडे. सीमा होती ती आम्हा सरकारी लोकांच्या टोप्यांवर.

आमचा एक खबऱ्या बसस्टँडसमोर पानटपरी चालवायचा. त्याच्या बहुतेक खबरा त्याचं ज्याच्याशी भांडण झालेलं असे त्याच्याविरुद्धच निघायच्या, त्यामुळे मी त्याच्याकडे अर्ध्याच कानाने ऐकत असे. एकदा दुपारी तो आला आणि खुर्चीला टेकून कुजबुजला, "साहेब, एक म्हातारा दर आठवड्याला उदगीरच्या गाडीनं यायलाय. भाकरीच्या डब्यात लाल गोळ्या असत्यात. नशेच्या हाईत, लिहून घ्या."

नशेच्या गोळ्यांवर लक्ष ठेवा, असं वरून नुकतंच बजावलं होतं. मी हवालदारांना घेतलं आणि पुढच्या खेपेला उदगीरची बस गावाबाहेरच थांबवली. म्हातारा मागच्या बाकावर बसला होता. साठीच्या आसपासचा, अंगाने काटक, हाताला सिमेंटच्या भेगा पडलेल्या. डबा मांडीवर धरला होता. उघडला तर वर भाकरी, खाली फडकं, फडक्यात लाल कॅप्सुला आणि थोड्या पांढऱ्या गोळ्या. पुडक्यावर महाराष्ट्र सरकारचा शिक्का आणि 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं.

परराज्यातला सरकारी माल, तोही लपवून आणलेला. मी त्याला ठाण्यात आणला.

गवंडीकाम करणारा माणूस होता, जवळच्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. आल्याबरोबर "जयभीम साहेब" म्हणाला आणि सांगितल्याशिवाय खाली बसला. वस्तीचं नाव ऐकल्यावर आमच्या हवालदारांनी निम्मा तपास पूर्ण झाल्यासारखा चेहरा केला. ही आमच्या खात्याची जुनी खोड. मी त्यांना चहा सांगायला बाहेर पाठवलं.

"गोळ्या कुठून आणल्यास?"

तो विस्कटलेल्या भाकरी पुन्हा डब्यात रचायला लागला.

"कुणाला विकतोस?"

"इकत न्हाई साहेब."

"मग घरझडती घेतली म्हणजे कळेल. जीप काढतो आत्ताच."

इतका वेळ दगडासारखा बसलेला माणूस हलला. "घरला जायचं काम न्हाई साहेब. मी चोरलो. तिकडच्या दवाखान्यातून चोरलो. लिहून घ्या, मी अंगठा देतो."

माझा अनुभव असा, की खरा चोर आधी देवाची शपथ घेतो, मग पोराबाळांची, मग आजारी असल्याचं सांगतो, आणि तेवढं सगळं झाल्यावर कुठे मुद्द्यावर येतो. असा पहिल्याच झटक्यात गुन्हा पदरात घेणारा माणूस काहीतरी दुसरं लपवत असतो. मी विचारलं, "कपाट फोडलंस का?"

"व्हय."

"कसलं कपाट? रंग कुठला?"

त्याने थोडा विचार केला. "सरकारी रंगाचं."

मला हसू आवरेना. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की असंच होतं. तरी माल हातात होता, कबुली होती, सोडून कसं देणार? मी त्याला लॉकअपमध्ये बसवलं आणि खरी चौकशी करायला एक शिपाई सीमेपलीकडच्या दवाखान्यात पाठवला. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करायचं किंवा सोडायचं, त्यामुळे हातात वेळ थोडा होता.

दिवेलागणीला पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला. मागोमाग हवालदार, तोंड पांढरं पडलेलं.

"साब, हाथ बी नै लगाया उसकू. अल्ला कसम," शिपाई म्हणाला.

"झालं काय?"

"खून मूत रा साब वो."

मी जाऊन पाहिलं. लॉकअपमधल्या मोरीत खरंच लालभडक पाणी होतं. ठाण्यात आलेला माणूस रक्त लघवीला लागला, याचा अर्थ वेगळा सांगायला नको. उद्या वस्ती दारात, परवा वर्तमानपत्रात नाव आणि तेरवा निलंबन. हवालदार एकेका शिपायाच्या तोंडाकडे बघत होते, कुणी हात टाकला ते शोधत. सगळे शपथा घेत होते.

आणि म्हातारा? तो गजापाशी येऊन आम्हालाच धीर द्यायला लागला. "भिऊ नका साहेब. रगत न्हाई ते. तसंच असतंय. उद्या दुपारपत्तर साफ हुतंय."

"तुला काय माहीत?"

तो वळला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

मी फाटकातून शेजारच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. तरुण माणूस, तिकडे दक्षिणेकडचा. मराठी जेमतेम, त्यामुळे आमचं बोलणं कन्नडमध्ये चालायचं. त्यांनी मोरी पाहिली, टेबलावरच्या कॅप्सुला पाहिल्या आणि खुर्चीत बसून घेतलं. म्हणाले, "फौजदारसाहेब, तुमच्या माणसांना जेवायला सांगा. हे रक्त नाही. ही टीबीची नवी कॅप्सूल आहे. ती घेतली की लघवी अशीच लाल होते, घामालासुद्धा रंग चढतो. पुष्कळ रोगी हे बघूनच घाबरून औषध सोडतात."

हवालदारांनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

"म्हणजे याला टीबी आहे?"

डॉक्टरांनी त्याला बाहेर घेतलं, छाती-पाठ तपासली, खोकायला लावलं, पुन्हा तपासली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याला काहीही झालेलं नाही. हा माझ्यापेक्षा धडधाकट आहे. मला कळत नाही ते वेगळंच. रोग्याच्या थुंकीत जंतू दिसल्याशिवाय हे औषध कुणी देत नाही. सकाळचा बेडका डबीत घालून आणायला सांगतात, तो तपासतात. याच्या थुंकीत जंतू सापडतील कसे?"

मी स्टूल ओढून म्हाताऱ्यासमोर बसलो. इतका वेळ अरे-तुरे चाललं होतं, ते आपोआप सुटलं. "आप्पा," मी म्हणालो, "डबीत थुंकी कुणाची नेलाव?"

त्याने मान खाली घातली. पोलिसाच्या माराला न भिणारी माणसं मी पाहिली आहेत. हा त्यांच्यापैकीच होता, पण हा प्रश्न त्याला मारापेक्षा खोल लागला. हवालदारांनी कधी नव्हे ते त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"सुनंची," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. बायको वारलेली. मुलगा हैदराबादला इमारतींच्या कामावर. घरात सून, अंगावर पिणारं नातवंड आणि हा. सुनेला खोकला लागला, ताप राहायला लागला. त्याने ओळखलं, कारण तो खोकला त्याने आधी घरात ऐकला होता. त्याच्या थोरल्या मुलीला सासरी टीबी झाला तेव्हा सासरच्यांनी तिला "बरी झाली की आणतो" म्हणून माहेरी आणून सोडलं होतं. लेकरू ठेवून घेतलं. न्यायला कुणी आलं नाही. इथे औषध कधी असायचं, कधी नसायचं. ती याच्याच घरात गेली.

"तिची सासू वाईट न्हवती साहेब," तो म्हणाला. "रीतच हाय तशी. रोगी बाई म्हायेरला धाडायची. आता माझ्या घरला तीच येळ आली. भावकी म्हणंल धाडून दे. पोरगं दूर, कानफुंक्या लोकांचं ऐकंल. दुसरं लगीन लावतील तेचं. म्हणून मीच रोगी झालो."

"पण इथल्या दवाखान्यात का नाही आलात?"

उत्तर त्याच्याआधी डॉक्टरांनीच दिलं. टीबीची खिडकी वेगळी. तिथे उभं राहिलं की बाजाराला आलेलं कुणीतरी बघतंच. आणि बघितलं तरी हाताला काय लागणार? या कॅप्सुला बिदरहून आणायच्या आणि दवाखान्याची गाडी गॅरेजात पडलेली. "जुनी इंजेक्शनं आहेत माझ्याकडे," डॉक्टर कडवटपणे म्हणाले, "तर सुया उकळायला रॉकेल नाही."

म्हणून आप्पाने तिकडच्या दवाखान्यात सीमेपलीकडच्या बहिणीच्या घराचा पत्ता दिला. आपलं नाव, बहिणीचा पत्ता आणि सुनेची थुंकी. तिकडच्या दवाखान्यात औषध होतं, पण तिथली नर्सबाई कडक. दर आठवड्याला एक दिवसाचा डोस तिच्यासमोर गिळायचा, मगच बाकीच्या दिवसांचं पुडकं हातात.

"मग तुम्ही गिळत होता?"

"तिच्यापुढं न्हाई गिळलो तर पुढचं देईना."

डॉक्टर काही बोलणार होते. मी हातानेच थांबवलं. आधी रोगी समोर यायला हवा होता.

अडचण अशी, की पोलिसांची जीप वस्तीत नेली तर झालंच, आणि डॉक्टर नेले तर त्याहून वाईट. आप्पानेच वाट काढली. लॉकअपमधल्या माणसाला घरचा डबा येतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. "मला धरलाव म्हणून गावात सांगा," तो म्हणाला. "गोळ्याबिळ्या म्हणा. सून डबा घिऊन ईल. कोण इचारत न्हाई."

निरोप गावच्या बसच्या कंडक्टरबरोबर गेला. सकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याला कळलं होतं.

ती सकाळी आली. बावीस-तेवीसची पोर, काखेला लेकरू, हातात डबा, पदर तोंडावर घट्ट धरलेला. खोकला दाबत ठाण्याची पायरी चढली. डॉक्टर माझ्या खोलीत बसले होते. त्यांनी तपासलं, विचारलं, पुन्हा विचारलं. औषध चालू झाल्यापासून ताप गेला होता, वजन मात्र धरत नव्हतं. औषधात खंड पडतो का, असं त्यांनी विचारलं.

"आठवड्यातला एक दिस ऱ्हातंय," ती म्हणाली. "नर्सबाई सहाच दिसाचं देती. मामानंच सांगितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचं बोलणं मराठीत करून सांगितलं. आप्पा दारातच उभा होता. या औषधात असा दर आठवड्याला खंड पडला तर जंतू मरत नाहीत, उलट निगरगट्ट होतात. एक दिवसाचा डोस आप्पाच्या पोटात जात होता आणि तो तिचा होता. शिवाय बिनरोगाच्या माणसाला हे औषध काही अमृत नव्हे, यकृत खराब करतं.

ती वळली. "मामा, तुमी गिळलाव? मला सांगितलाव न्हाई कामून?"

"तुला सांगितलो असतो तर तू घेतली नसतीस," आप्पा म्हणाला. मग खाली बसला आणि डोक्याला हात लावला. "मला वाटलं एका दिसानं काय हुतंय. मीच तुझं औषध खाल्लो गं."

आदल्या दिवशी चोरीचा आळ घेताना त्याचा आवाज हलला नव्हता. आता तो रडला. डॉक्टर उठून त्याच्याजवळ गेले आणि त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "वेळ गेला नाही. अजून वेळ आहे." माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

दुपारी शिपाई परत आला. सीमेपलीकडच्या दवाखान्यात चोरी झालीच नव्हती, औषध रीतसर दिलेलं होतं. गुन्हा नाही, फिर्यादी नाही. खोट्या पत्त्याचं काय ते डॉक्टर तिकडच्या डॉक्टरांशी बोलून मिटवणार होते. मी आप्पाला म्हणालो, तुम्ही मोकळे.

तो जागचा हलला नाही. "साहेब, एक मागणं हाय. मला सोडलाव म्हणून कुणाला सांगू नका. बाजारच्या दिशी मला हजेरीला बोलवा. सून डबा घिऊन ईल, फाटकातून तिकडं जाईल."

मी तडकलो. "ठाणं म्हणजे काय तमाशाचा फड वाटला? नसलेल्या केसची हजेरी मी लावू?" तो शांतपणे बसून राहिला. गरज माणसाला किती चिवट करते, ते तिथे दिसत होतं. थोड्या वेळाने मीच म्हणालो, "बाहेरच्या बाकावर बसायला कुणालाही बंदी नाही. मला कुणी विचारलं तर मी होही म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. यापुढे माझा काही संबंध नाही."

राहिला प्रश्न औषधाचा. आमचा एक शिपाई टपाल घेऊन बिदरला जायचा-यायचा. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी त्याला परतीच्या पिशवीत कॅप्सुला आणायला सांगितलं. पोलिसाला बघून तिथल्या कारकुनानेही फार प्रश्न विचारले नाहीत. मग डॉक्टरांनी हळूच आणखी रोग्यांची नावं वाढवली. दवाखान्याची गाडी दुरुस्त होईपर्यंत त्या भागातल्या टीबीच्या रोग्यांचं औषध पोलिसांच्या टपालातून येत राहिलं. कुठल्या नियमात बसतं ते मी शोधायला गेलो नाही.

दर बाजारच्या दिवशी आप्पा बाकावर येऊन बसायचा. सून डबा ठेवायची, लेकरू त्याच्या मांडीवर द्यायची आणि फाटकातून पलीकडे जायची. मी वर मान करत नसे. हवालदार मात्र त्याच्यासाठी चहा सांगायचे आणि पैसे स्वतः द्यायचे.

याची किंमत त्याने मोजली, हेही सांगितलं पाहिजे. गावात गोष्ट वाढत गेली. गोळ्यांची अफू झाली, अफूचं सोनं झालं. भिंती सरळ उचलणारा तो त्या पंचक्रोशीतला चांगला गवंडी होता, पण लोक त्याला घरात कामाला घेईनासे झाले. चोराला घर आतून कशाला दाखवायचं, असं म्हणायचे. तो दूरच्या गावांना, कधी अफजलपूरकडे, कामं शोधत जायचा आणि बाजारच्या दिवशी परत यायचा. एकदाही चुकला नाही.

सगळे महिने पुरे झाले. एका बाजारी डॉक्टर स्वतः फाटकातून आले आणि म्हणाले, थुंकी साफ आली. सून मागे उभी होती. पदर तोंडावरून खाली आला होता, गाल भरले होते. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मला फार आनंद झाला. भरात म्हणालो, "आप्पा, आता मी स्वतः तुमच्या गावात येतो. चावडीवर चार माणसं बोलावतो आणि सांगतो, की हा माणूस चोर नव्हता."

"नको साहेब."

सून म्हणाली, "सांगू द्या की मामा. किती दिस नाव घिऊन फिरताव?"

"मग लोक इचारतील, चोर न्हवतास तर ठाण्याला कामून जात हुतास?" त्याने लेकराला कडेवर घेतलं. "ऱ्हाऊ द्या साहेब. चोराची सून घरात नांदती. टीबीवालीला धाडून देतेत."

तो माझ्याकडे आला तो हा शेवटचा बाजार. सलाम कुणाला करावा आणि कुणाला नाही हे आमच्या खात्यात ठरलेलं असतं. त्या दिवशी मी ते पाळलं नाही.

पुढे नोकरीत औषधांची प्रकरणं आणखी आली. अमुक गावात औषध पोचत नाही असं कुणी म्हणालं की साहेबलोक रस्ता, गाडी, पैसा याबद्दल बोलतात. ते खरंच आहे, मी स्वतः टपालाच्या पिशवीतून कॅप्सुला आणल्या आहेत. पण दवाखान्याच्या खिडकीपासून रोग्याच्या तोंडापर्यंतचं जे थोडंसं अंतर राहतं, ते मला आप्पाने दाखवलं. तिथे गाडी जात नाही. आणि चौकशी करताना मी तेव्हापासून एक गोष्ट पाळली. माणूस काय लपवतो यापेक्षा कुणाला लपवतो, हे आधी बघायचं.

निवृत्त झाल्यावर एकदा उदगीरला एका लग्नाला गेलो होतो. परतताना बसस्टँडवर त्याच गावचा एक माणूस भेटला. मला ओळखून त्याने आग्रहाने चहा पाजला. गावच्या गप्पा निघाल्या. मी सहज आप्पाचं विचारलं.

"तो चोर व्हय? गेला की साहेब," तो म्हणाला. "तुमीच धरला हुताव न्हाई का तेला? पर नशीब बगा. असल्या माणसाला सून कसली मिळाली म्हणताव. शेवटी अंथरुणाला खिळला हुता. दुसरी असती तर कवाच म्हायेरला निघून गेली असती. हिनं लेकरावानी केलं तेचं. मांडीवरच गेला तिच्या."

मी व्हय म्हणालो. माझी गाडी लागली होती. चहा संपवला आणि निघालो.